रायतूर ते रामवाडी : कॅथलिक धर्मगुरू घडवण्याची गोष्ट

बारा-तेरा वर्षांपूर्वी पनवेलमधल्या एका वाचनालयात मी उत्तर कोकणातील पोर्तुगीज अमदानीवर भाषण केले होते. बोलण्याच्या भरात मी ठोकून दिले, की पोर्तुगीजांच्या काळात पाद्री सगळे गोरे, एतद्देशीयांना त्या वेदीपर्यंत पोचायला इंग्रज जाण्याची वाट पाहावी लागली. टाळ्याही मिळाल्या. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ पुढे आले. वसईकडचे, लेक इथे दिली म्हणून आलेले. शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमच्या गावात चिमाजी अप्पाच्या आधीपासून आपलेच पाद्री होते. सगळे गोरे कसे म्हणता?" मी काहीतरी सारवासारव केली. घरी येऊन पाहिले, तर माझ्याकडे त्या विधानाला आधार म्हणून एकही कागद नव्हता. शाळेत असल्यापासून ऐकत आलो होतो, एवढेच.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात भांडारपाल म्हणून नोकरी केली आणि रविवारी, सुट्टीला वाचत गेलो. एका संग्रहालयाने 'संस्थेचे पत्र आणा' म्हणून दारातून परत पाठवले होते. संस्था कोणती आणणार? तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते छापील पुस्तके, जुनी गॅझेटियरे आणि बोलायला तयार झालेली माणसे यांच्या जोरावर. पण ती चूक मला टोचत राहिली. आणि अलीकडे तिला एक घरगुती निमित्तही मिळाले, ते पुढे सांगतो.

आधी शब्द पाहू. सेमिनरी हा शब्द लॅटिन 'सेमिनारियुम'वरून आला. त्याचा अर्थ रोपे वाढवण्याची जागा. आमच्या पनवेल तालुक्यात ज्याने भातशेती पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावायला नको. राब भाजायचा, त्या तुकड्यात रोप दाट वाढवायचे, मग उपटून खाचरात लावणी करायची. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली हाच शब्द वापरून हुकूम काढला, की प्रत्येक बिशपने आपल्या प्रांतात मुलांसाठी असे विद्यालय चालवावे. मुलगा निदान बारा वर्षांचा, औरस, लिहिता-वाचता येणारा हवा, आणि गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे. त्याआधी युरोपात पाद्री होण्याची ठरीव शाळा अशी नव्हती. कोणी विद्यापीठात शिकून होई, कोणी गावच्या पाद्र्याच्या हाताखाली उमेदवारी करून. कित्येकांना लॅटिन मिस्सा धड वाचताही येत नसे. मार्टिन ल्यूथरच्या बंडानंतर रोमला जाग आली, तिचे हे फळ.

गंमत अशी, की गोव्यात असे विद्यालय ट्रेंटच्या हुकुमाच्या बावीस वर्षे आधी निघाले होते. १५४१ साली मिगेल व्हाझ आणि दियोगो द बोर्बा या दोघा धर्मगुरूंनी 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाची मंडळी स्थापन करून तिच्यातर्फे नवख्रिस्ती मुलांसाठी विद्यालय काढले. हेतू उघड होता. इथल्या भाषा बोलणारी, इथले हवापाणी सोसणारी मुले शिकवून त्यांच्याकडूनच धर्मप्रसार करवायचा. पुढल्याच वर्षी फ्रान्सिस झेव्हियर गोव्यात उतरले, आणि दशकाच्या अखेरीला हे विद्यालय जेझुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली बसला तो याच कॉलेजात.

म्हणजे माझे विधान पहिल्याच पायरीवर कोसळले. सोळाव्या शतकातच एतद्देशीय मुले या वाटेला लागली होती. पण ते पूर्ण खोटे होते असेही नाही. मेख कुठे होती ते सांगतो.

कॅथलिक धर्मगुरू दोन तऱ्हांचे असतात. एक धर्मप्रांताचे, जे बिशपच्या आज्ञेत राहून गावोगावची चर्चे सांभाळतात. दुसरे संघांचे, म्हणजे जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन वगैरे व्रतस्थ संघांतले. आपल्याकडची तुलना करायची तर गावचा उपाध्याय आणि मठातला संन्यासी, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. फरक इतकाच की इथे दोघेही ब्रह्मचारी. एतद्देशीयांना पहिले दार किलकिले होते, दुसरे बंद. जेझुइटांनी १५६१ साली कोल्लमकडचा पेरो लुईस हा ब्राह्मण तरुण संघात घेतला, १५७५ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली, आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांत, संघ बरखास्त होईपर्यंत, दुसरा हिंदी माणूस त्यांनी आत घेतला नाही. मोठी चर्चे, कॉलेजे, जमिनी आणि अधिकार संघांकडे. गावचा देशी पाद्री बहुधा त्यांच्या हाताखालचा मदतनीस.

पहिले दारही सगळ्यांना नव्हते. १६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने ठरवले, की दीक्षा द्यायची ती ब्राह्मण, प्रभू आणि तशाच प्रतिष्ठित मानलेल्या जातींतल्या मुलांना. याच परिषदेने दुसरा एक ठराव केला, जो मला मनापासून आवडतो : ज्याला लोकांची भाषा येत नाही त्याला गावच्या चर्चचा मुख्य नेमू नये. एकाच बैठकीतले हे दोन ठराव. लोकांची भाषा हवी, पण सगळे लोक नकोत. जातीची ही भिंत चर्चने बांधली की जुनीच होती ती उचलून आत आणली, यावर वाद घालता येईल. माझे मत असे, की बाहेरच्या समाजात पाद्र्याचा मान राहावा म्हणून त्यांनी बाहेरचीच उतरंड वापरली, आणि त्याची किंमत पुढे शेकडो वर्षे खालच्या मानल्या गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मोजली.

त्याच साली, १६०६ च्या १ नोव्हेंबरला, रायतूरच्या किल्ल्यात एका इमारतीची पायाभरणी झाली. रायतूर म्हणजे राशोल, साष्टीत, जुवारी नदीच्या काठी. (ही गोव्याची साष्टी. आमच्या ठाण्या-मुंबईकडची साष्टी वेगळी, आणि या दोन साष्ट्यांनी माझ्यासारख्या कित्येकांना चकवले आहे.) तो दिवस सर्व संतांचा सण, म्हणून कॉलेजला तेच नाव मिळाले, इग्नेशियसचे नाव नंतरचे. मी तिथे दोनदा जाऊन आलो. किल्ल्याचा म्हणावा असा एक दरवाजा उरला आहे, त्यातून रस्ता आत जातो, आणि समोर ती चौसोपी वाड्यासारखी, पण वाड्याच्या कितीतरी पट अवाढव्य इमारत उभी राहते. तिथे लॅटिन, संगीत आणि नीतिप्रश्नांचा अभ्यास चाले. नीतिप्रश्न म्हणजे कबुलीजबाब ऐकणाऱ्या पाद्र्यापुढे येणारी प्रकरणे : चोरीचा माल अजाणता विकत घेतला तर दोष कोणाचा, धाकाखाली घेतलेली शपथ बंधनकारक की नाही. वकिली आणि वैद्यकी यांच्या मधली ही विद्या.

मराठी वाचकाला रायतूर माहीत असते ते फादर स्टीफन्समुळे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरलाच छापले गेले. आपण ते मराठी वाङ्मयाचा ग्रंथ म्हणून वाचतो. पण १६०६ चा भाषेचा ठराव शेजारी ठेवून पाहिले की ते एका गरजेतून उभे राहिलेले दिसते. ज्यांच्या कानाला पुराणाची सवय होती, त्यांना नवा धर्म ओवीतूनच सांगायला हवा होता, आणि सांगणाऱ्याला ती ओवी आधी शिकावी लागत होती. स्टीफन्सने कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरलाच छापून निघाले. हे वळण टिकले नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. लोकांनी भाषा सोडली नाही हे सांगायला नको, पण शिकलेल्या पाद्र्याची भाषा मात्र लोकांपासून दूर जात राहिली.

आता ज्याच्यामुळे माझी झोप उडाली त्या माणसाकडे येतो.

मातेयुस द कास्त्रो. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात १५९४ च्या सुमाराला जन्मला. बारदेसात रेईश मागूशच्या फ्रान्सिस्कन कॉलेजात शिकला. पाद्री व्हायचे होते, पण गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. हा खुष्कीच्या मार्गाने निघाला आणि १६२५ साली रोमला पोचला. तिथे तीनच वर्षांपूर्वी, १६२२ साली, धर्मप्रसाराची नवी मध्यवर्ती कचेरी, प्रोपगांडा, निघाली होती. पोर्तुगालच्या राजाच्या हातातला पूर्वेकडचा धर्मकारभार स्वतःकडे घ्यावा असे तिच्या मनात होते, आणि समोर दारात गोव्याहून तक्रार घेऊन आलेला हुशार तरुण उभा. त्यांनी त्याला शिकवले, १६३० च्या सुमारास दीक्षा दिली. तो परतला, तर गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी त्याचे रोमचे कागद मानायलाच नकार दिला. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली रोमने त्याला बिशप केले. लॅटिन परंपरेतला हा पहिला हिंदी बिशप. ज्याला साधा पाद्री होऊ दिले नाही तो बिशप होऊन आला! आणि त्याला मुलूख दिला आदिलशाहीचा, म्हणजे जिथे पोर्तुगालच्या राजाची सत्ता चालत नाही असा. त्याने ठाणे केले डिचोलीला, गोव्याच्या सीमेला अगदी लागून.

आता नकाशा समोर घ्या. १६३६ च्या तहाने निजामशाही बुडाली आणि तिच्या कोकणपट्टीतला कल्याणकडचा मुलूख आदिलशहाला मिळाला. पनवेल त्यात आले. पोर्तुगीजांकडे करंजा-उरण होते, चौल-रेवदंडा होते, वसई-ठाणे होते, पनवेल नव्हते. म्हणजे मातेयुसची नेमणूक झाली तेव्हा, निदान कागदोपत्री, माझे गाव ज्या बिशपच्या हद्दीत होते तो गोरा नव्हता, दिवाडीचा कोकणी माणूस होता. त्या वाचनालयातले भाषण आठवून मला घाम फुटला तो हे लक्षात आले तेव्हा.

मातेयुसला मी हुतात्मा करणार नाही. त्याने डिचोलीतून गोव्याच्या ब्राह्मण पाद्र्यांना उद्देशून संतापाने भरलेले पत्रक लिहिले, १६५४ च्या बारदेसवरच्या आदिलशाही स्वारीमागे त्याची फूस होती असे मानले जाते, आणि त्याचे भांडण बरेचसे आपल्या जातीच्या मानाचे होते. दीक्षा नाकारली म्हणून चिडलेल्या या माणसाने, त्याच्याखाली ज्यांना कधीच दीक्षा मिळणार नव्हती त्यांच्याबद्दल फारसा विचार केल्याचे मला दिसले नाही. १६७७ साली तो रोममध्येच वारला. पण त्याच्या गादीची परंपरा चालू राहिली. तिचीच पुढे मोगल मुलखाची गादी झाली, १७२० साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना काढून हीच रोमची मंडळी आणून बसवली, आणि १८८६ साली मुंबईचा महाधर्मप्रांत झाला. रायगड जिल्हा, पनवेलसह, आज त्याच महाधर्मप्रांतात आहे.

गोव्यात राहिलेल्यांनी वेगळी वाट काढली. संघ आत घेत नाहीत, तर आपला संघ काढू म्हणून काही देशी पाद्र्यांनी १६८२ च्या सुमाराला ओरेटरी स्थापन केली. बाणावलीला जन्मलेले जुझे व्हाझ १६८५ साली तिच्यात आले आणि दोनच वर्षांनी मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले, कारण तिथे डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. २०१५ साली पोपनी त्यांना संत घोषित केले. ओरेटरीचे दारही ब्राह्मणांनाच. चारड्यांनी मग चिंबलला आपली वेगळी मंडळी केली. हे सगळे वाचताना आपण युरोपचा इतिहास वाचतो आहोत असे मला एकदाही वाटले नाही.

१७३९ साली वसई पडली. जेझुइट, फ्रान्सिस्कन वगैरे संघ गेले. वसईची ख्रिस्ती वस्ती मात्र राहिली आणि तिला सांभाळले ते देशी पाद्र्यांनी, त्यातले बरेचसे गोव्याहून, रायतूरसारख्या ठिकाणी शिकून आलेले. मला चूक दाखवणारे गृहस्थ म्हणत होते ते हेच. १७५९ साली पोर्तुगालने जेझुइटांनाच हाकलले, आणि १७६२ पासून रायतूर धर्मप्रांताची सेमिनरी झाली, ती आजतागायत आहे. तिथे शिकून पाद्री न झालेलेही पुष्कळ होते. ते वकील, शिक्षक, कारकून, वाजंत्री झाले. गोव्यात बराच काळ गरिबाच्या मुलाला शिकायचे तर तीच एक जागा होती. पण शिकलेल्याला मानाची जागा देण्याची तयारी कुठे होती? १७८७ चा पिंतोंचा कट उघडकीला आला तेव्हा त्याच्या मुळाशी बढती नाकारलेले दोन गोमंतकीय पाद्री होते. सत्तेचाळीस जण पकडले, त्यात सतरा पाद्री. पंधरा जणांना देहदंड झाला.

एकोणिसावे शतक मी भराभर ओलांडतो. पोर्तुगाल आणि रोम यांच्या मुंबईतल्या भांडणात तेच तेच येते. १८९३ साली पोप तेराव्या लिओंनी श्रीलंकेत कँडी येथे हिंदुस्थानसाठी एक मध्यवर्ती सेमिनरी काढली. तिचे लॅटिन ब्रीद हिंदुस्थानला उद्देशून आहे आणि त्याचा आशय असा, की तुझेच पुत्र तुझ्या तारणाचे सेवक होतील. मातेयुसने दार ठोठावले त्याला तोवर पावणेतीनशे वर्षे होत आली होती. कँडीत शिकलेल्यांपैकी एक व्हॅलेरियन ग्रेशियस. १९२६ साली त्यांना दीक्षा मिळाली, १९५० साली ते मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप झाले, १९५३ साली पहिले हिंदी कार्डिनल. त्यांच्या आधीचे आर्चबिशप रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट; हिंदी माणसाने त्या जागी यावे म्हणून ते स्वतः बाजूला झाले. १९२८ च्या एका करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असायचा, इतके ते दार घट्ट होते.

१९५५ साली कँडीची सेमिनरी पुण्याला, नगर रस्त्यावर रामवाडीला आली. पनवेलहून एसटीने पुण्यात उतरलो, की पुढे रिक्षाने थोडी वाट. तिथल्या एका प्राध्यापक फादरांनी मला, कोणत्याही संस्थेचे पत्र न मागता, दोन तास दिले. हल्लीचा क्रम त्यांच्याकडून आणि नियमांच्या पुस्तकांतून समजला तो असा. आधी एक तयारीचे वर्ष. मग निदान दोन वर्षे तत्त्वज्ञान, त्यात ॲरिस्टॉटलबरोबर शंकराचार्यही. मध्ये वर्ष-दोन वर्षे पुस्तके मिटून गावात, वस्तीत, शाळेत काम. मग चार वर्षे ईशज्ञान. पंचवीस वर्षांच्या आत दीक्षा नाही, आणि डीकन झाल्यावर निदान सहा महिने थांबायचे. एकूण आठ-नऊ वर्षे, जेझुइट असेल तर आणखी चार-पाच. १९६० च्या दशकापर्यंत शिकवण्याची भाषा लॅटिन होती. पूर्वी डीकन होण्याआधी टाळूवरचे केस कापण्याचा विधी आणि द्वारपाल, वाचक वगैरे चार छोट्या पायऱ्या असत. १९७२ साली पोप सहाव्या पॉलनी त्यातले बरेच काढून टाकले. आज रामवाडीच्या वर्गात सिस्टर्स आणि संसारी स्त्रीपुरुषही ईशज्ञान शिकायला बसतात.

भाषाही परत आली. बिशप थॉमस डाबरे यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १६०६ च्या ठरावाचे वसईच्या या दोन मुलांनी काय केले, ते मराठी वाचकाला मी सांगायला नको.

मी फादरांना जातीबद्दल विचारले. त्यांनी टाळले नाही. म्हणाले, "नियमात आता काही नाही. माणसांत आहे. दलित ख्रिस्ती आणि आदिवासी मुले आज वर्गात आहेत, पण त्यांना विचारा, ते वेगळे सांगतील." आणि सोडून जाणाऱ्यांबद्दल विचारले तेव्हा ते हसले. "सगळे टिकले तर आम्हीच काळजी करू. ही वर्षे पारखण्यासाठीच आहेत, दोन्ही बाजूंनी."

हे शेवटचे मी आमच्या इमारतीतल्या वहिनींना मुद्दाम येऊन सांगितले. घरगुती निमित्त म्हटले ते हेच. त्यांचा मुलगा चांगली नोकरी सोडून सेमिनरीत गेला. मिस्टर वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. वहिनी मला एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. इतकी वर्षं काय शिकवतात हो त्याला? आणि मधेच परत आला तर लोक काय म्हणतील?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघालो होतो. दुसऱ्याचे रामवाडीत मिळाले. परत येणे हे नापास होणे नव्हे, असे फादर म्हणतात, हे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे त्याच्या बाबांना सांगा."

बाबांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विषय बदलला. पण यंदा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा माझ्याकडे त्याला सोडायला तेच आले होते. मुलाला बंडेलूंनी १९५६ साली संपादित केलेली देवनागरी 'क्रिस्तपुराणा'ची प्रत हवी होती. माझी प्रत जीर्ण आहे, मी ती सहसा बाहेर देत नाही. बाबांनीच ती घरी नेऊन तपकिरी कागदाचे कव्हर घातले आणि मग मुलाच्या पिशवीत ठेवली.